मराठी माध्यमातून आल्यावर प्रगत इंग्रजी शब्दसंपदा कशी वाढवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मराठी माध्यमातून शिकल्या, बी.कॉम. झाल्या आणि आता फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहेत. रोज कल्याणहून ये-जा. इंग्रजी वाचलेलं समजतं, मेल लिहिता येते, पण लिहिताना आणि बोलताना तेच ते ठरावीक शब्द येतात. अवघड शब्दांचं एक जाडजूड पुस्तक दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा 'सी' अक्षरापाशी अडलं, आणि पाठ केलेलंही विसरलं. चार महिन्यांनी बढतीची मुलाखत आहे. त्या विचारतात: कोणती यादी पाठ करू? विसरायला का होतं? मराठी माध्यमाची उणीव भरून निघते का? आणि किती दिवस लागतील?

मी दादरला नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. बँका, विमा कंपन्या, वकिलांची ऑफिसं इथून संध्याकाळी सुटून येणारे, बहुतेक सगळे मराठी माध्यमाचे. त्यामुळे हे उत्तर त्यांच्याकडे पाहून दिलेलं आहे, शाळकरी मुलांसाठी नाही.

यादीचं आधी सांगते. ते पुस्तक बाजूला ठेवा. अशा पुस्तकांतले बरेचसे शब्द अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेच्या तयारीतून आलेले आहेत. त्या परीक्षेत एके काळी सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारत. २०११ मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं आणि तो प्रश्नप्रकार काढून टाकण्यात आला. आता शब्द वाक्यात, संदर्भात विचारतात. पण बाजारात याद्या तशाच विकल्या जातात. 'ए' अक्षरापासून ओळीनं शब्द पाठ करण्यात आणखी एक अडचण आहे. सारख्या दिसणाऱ्या आणि जवळच्या अर्थाच्या शब्दांची डोक्यात सरमिसळ होते. 'ॲबेट', 'ॲब्डिकेट', 'ॲबरंट', 'ॲबेयन्स' एकाच संध्याकाळी शिकलेला माणूस पुढच्या आठवड्यात चारही शब्दांबद्दल फक्त एवढंच सांगू शकतो, की ते 'ॲब'नं सुरू होतात.

मग किती शब्द लागतात? न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र कोशाशिवाय आरामात वाचायचं तर सुमारे ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे 'ॲक्ट', 'ॲक्शन', 'ॲक्टिव्ह', 'इनॲक्टिव्ह' हे सगळे मिळून एक. 'आरामात' याचा त्यांनी धरलेला अर्थ असा, की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, म्हणजे ५० शब्दांत एकच अनोळखी. ही मोजपट्टी तुम्ही आजच वापरू शकता. साधारण ३०० शब्दांचं एक पान घ्या आणि अनोळखी शब्द मोजा. सहापर्यंत निघाले तर ते वाचन तुमच्या पातळीचं आहे. वीस निघाले तर ते सध्या बाजूला ठेवा. त्यात शब्द शिकणं होत नाही, नुसती कोशाची पानं उलटणं होतं.

दुसरा आकडा तुमच्या कामाला जास्त जवळचा आहे. भाषा-संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. तशा लेखनातला सुमारे १० टक्के मजकूर एवढ्या कुटुंबांनी व्यापलेला असतो. यातले काही शब्द पाहा: 'अस्यूम', 'डिराइव्ह', 'कन्सिस्टंट', 'इम्प्लाय', 'सबसिक्वेंट'. यातला एकही तुम्हाला पूर्ण अनोळखी नसेल. फाइलींत रोज भेटत असतील. पण स्वतःच्या मेलमध्ये यातला शेवटचा शब्द तुम्ही कधी लिहिला होता, ते आठवून पाहा.

माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. तुमची अडचण अनोळखी शब्दांची नाही, अर्धवट ओळखीच्या शब्दांची आहे. असे हजारो शब्द तुमच्याकडे साठलेले आहेत. वाचताना अर्थ लागतो म्हणून आपण पुढे जातो, पण लिहायला बसलं की हात आखडतो, कारण तो शब्द कुणाबरोबर येतो, त्याच्यापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, साहेबांना लिहिताना चालतो की नाही, यातलं काही नक्की माहीत नसतं. प्रगत शब्दसंपदा तयार होते ती हे अर्धवट शब्द पुरे करण्यातून. दुर्मीळ शब्दांचा साठा करून ती होत नाही.

तुमच्याच टेबलावरचा एक शब्द घेऊन दाखवते: 'मटेरियल'. मराठीत आपण तो कापडासाठी, बांधकामाच्या सामानासाठी, अभ्यासाच्या नोट्ससाठी सर्रास वापरतो. म्हणून तो येतो असं वाटतं. पण तुमच्या विभागात रोज 'नॉन-डिस्क्लोजर ऑफ मटेरियल फॅक्ट्स' या कारणावर क्लेम नाकारले जातात. तिथे सामानाचा काही संबंध नाही. तिथे 'मटेरियल' हे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ 'निर्णयावर परिणाम करील इतकं महत्त्वाचं'. आपल्या सागरी विमा कायद्यात, १९६३ च्या, कलम २० मध्ये हे नेमकं सांगितलेलं आहे: विवेकी विमा कंपनीनं हप्ता किती लावायचा किंवा जोखीम घ्यायची की नाही हे ठरवताना जिच्यामुळे तिच्या निर्णयावर प्रभाव पडला असता, ती परिस्थिती मटेरियल. म्हणजे ग्राहकानं मधुमेह लपवला तर ती बाब मटेरियल. लहानपणी गोवर येऊन गेला हे सांगितलं नाही तर बहुधा नाही.

हा एक अर्थ पक्का झाला की बाकीचं कुटुंब आपोआप हाताला लागतं. 'मटेरियल चेंज' म्हणजे दखल घ्यावी असा बदल. 'मटेरियल विटनेस' म्हणजे ज्याच्या साक्षीवर खटल्याचा निकाल फिरू शकतो असा साक्षीदार. 'मटेरियली डिफरंट' म्हणजे नुसतं वेगळं नव्हे, फरक पडेल असं वेगळं. 'इम्मटेरियल' म्हणजे गैरलागू. 'इट इज इम्मटेरियल व्हेदर' अशी सुरुवात निकालपत्रांत खूप दिसते. 'मटेरियलाइज' म्हणजे प्रत्यक्षात उतरणं, आणि ते बहुतेक वेळा नकारात येतं: बोलणी झाली, पण सौदा 'डिड नॉट मटेरियलाइज'. 'मटेरियलिस्टिक' माणसाबद्दल वापरतात आणि त्यात थोडी निंदा असते. ऑफिसच्या पत्रात त्याचं काम नाही. आता सोमवारच्या टिपणात 'धिस इज अ व्हेरी इम्पॉर्टंट पॉइंट' याऐवजी 'धिस फॅक्ट इज मटेरियल टू द क्लेम' असं लिहून बघा. 'मटेरियल'पुढे 'टू' आलेलं ध्यानात घ्या. वाक्य छोटं झालं, नेमकं झालं, आणि वाचणाऱ्याला कळलं की लिहिणारीला विषयाची जाण आहे.

एका शब्दाचं एक पान. वही करा, मोबाइलमध्ये नको. हातानं लिहिलेलं पान पुन्हा चाळावंसं वाटतं. पानावर वरच्या बाजूला तो शब्द जिथे भेटला ते मूळ वाक्य जसंच्या तसं, फाइलीतलं असो की पेपरातलं. खाली त्याची सोबत, त्याचं कुटुंब, आणि शेवटी तुमच्या स्वतःच्या कामातलं एक वाक्य. मराठी अर्थ लिहिलाच पाहिजे असं नाही. लिहिला तर वाक्यापुरता लिहा, शब्दापुरता नको.

'सोबत' म्हणते आहे, त्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ यावर जातो. मराठीत पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची आणि ऊन रखरखीत. 'सोसाट्याचा पाऊस' किंवा 'मुसळधार वारा' असं कुणी म्हणालं तर तुम्ही लगेच ओळखाल, की मराठी ही त्याची घरची भाषा नाही. व्याकरणाचा कुठलाही नियम मोडलेला नसतो. इंग्रजीतही तसंच आहे. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', थंडी 'बिटर', ऊन 'स्कॉर्चिंग'. आपण मराठीतली सोबत उचलून इंग्रजीत नेतो आणि तिथे फसतो. स्वप्न 'पडतं' म्हणून क्रियापद शोधत बसतो. इंग्रजीत ते नुसतं 'हॅव' करतात. लग्न अमक्याशी होतं म्हणून 'मॅरीड विथ' लिहितो. तिथे 'टू' हवं. चर्चा कशाबद्दल तरी असते म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो. 'डिस्कस'ला पुढे काहीच लागत नाही. वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणायची आपल्याकडे सगळ्यांना सवय आहे, पण परदेशी सहकाऱ्याला त्यातून तुम्हाला त्याच्या म्हणण्यावर संशय आहे असं वाटू शकतं. शंका विचारायची तर 'क्वेश्चन'.

तुमच्या कामाचे नाम आणि क्रियापदांचे जोड आधी गोळा करा. क्लेम 'लॉज' करतात, 'सेटल' करतात, 'रिप्युडिएट' करतात म्हणजे नाकारतात. जबाबदारी 'ॲडमिट' करतात किंवा 'डिनाय' करतात. तक्रार 'ॲड्रेस' करतात. या शब्दाचा पत्त्याशी असलेला संबंध इथे विसरा. पुरावा 'प्रोड्यूस' करतात, शंका 'रेझ' करतात, मुदत 'एक्स्टेंड' करतात. असे शंभर जोड तोंडात बसले, तर ते अवघड पुस्तकातल्या हजार सुट्या शब्दांपेक्षा मुलाखतीत जास्त उपयोगी पडतील.

आता वाचायचं काय? सुरुवात तुमच्याच फाइलींपासून. नंतर विम्याच्या वादांवरचे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. ते संकेतस्थळांवर मोफत मिळतात, आणि त्यातली घटना तुमच्या ओळखीची असते: अपघात, हॉस्पिटलचं बिल, कंपनीचा नकार. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. दुसरी माझी आवडती जागा तुमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. फोर्टमधल्या मुख्यालयातून रिझर्व्ह बँक पतधोरणाचं निवेदन प्रसिद्ध करते. त्याचा मजकूरही मिळतो आणि गव्हर्नर ते वाचून दाखवतात त्याचा व्हिडिओही. मोजूनमापून बोलायचं कसं, याचा असा नमुना दुसरीकडे सहज सापडत नाही. 'रेझिलियंट', 'हेडविंड्स', 'ट्रान्झिटरी', 'रिस्क्स आर इव्हन्ली बॅलन्स्ड' हे शब्द साधारण दर दोन महिन्यांनी त्याच संदर्भात पुन्हा भेटतात, आणि पुन्हा भेटणं हेच तर हवं असतं. एकाच विषयावर सलग वाचा. आज क्रिकेट, उद्या राजकारण, परवा पाककृती असं वाचलं की कोणताच शब्द दुसऱ्यांदा लवकर भेटत नाही. विषय तुमच्या आवडीचा असेल तर उत्तमच. माझ्याकडे येणाऱ्या एका बँक कर्मचाऱ्यांनी फक्त गिर्यारोहणावरचं वाचून आपलं इंग्रजी सुधारलं, आणि ते उत्तम सुधारलं.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही 'उणीव' हा शब्द वापरलात. मला तो मान्य नाही. इंग्रजी ऐकायला, बोलायला कमी मिळालं हे खरं, आणि त्यावर कष्ट घ्यावे लागतात. पण प्रगत शब्दांच्या बाबतीत तुमच्याकडे एक भांडवल आहे, ते मोडून वापरा.

इंग्रजीतले बहुतेक वजनदार शब्द लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून आलेले आहेत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-तीन थर झाले: 'आस्क' घरातला, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून, 'इंटरोगेट' लॅटिनमधून. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही घर आहे, गृह आहे. विनंती आहे आणि अर्ज आहे. कचेरीत फारसी शब्द इतके मुरले होते, की शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कुठे 'जेवलात का' म्हणायचं आणि कुठे 'भोजनाची व्यवस्था' लिहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी कळतं. तोच कान इंग्रजीला लावा. पोलीस आरोपीला 'इंटरोगेट' करतात. तुम्ही ग्राहकाला फोनवर फक्त 'आस्क' करा.

दुसरं भांडवल उपसर्गांचं. शाळेत शिकलेलं आठवा: एकाच हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ ओढून भलतीकडेच नेतो. लॅटिनमध्ये पाठवणे या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यापासून इंग्रजीत 'मिट' आलं, आणि तुमच्या विभागात त्याची सगळी भावंडं हजर आहेत: 'सबमिट', 'ॲडमिट', 'रेमिट', 'ऑमिट', 'परमिट', 'ट्रान्समिट', 'कमिट'. नामं करताना सगळ्यांचं वळण एकच, 'मिशन': सबमिशन, ॲडमिशन, ओमिशन, परमिशन. एका बैठकीत सात शब्दांची नामं आणि क्रियापदं नीट लागतात. 'कमिट'चं 'कमिशन'ही होतं आणि 'कमिटमेंट'ही, आणि दोन्हींचे अर्थ अगदी निराळे. गुन्ह्याच्या संदर्भात पहिलं, दिलेल्या शब्दाच्या संदर्भात दुसरं.

आणखी एक पायरी खाली उतरलं, की संस्कृत आणि लॅटिन, ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या असल्याचं दिसतं. ब्रिटिश विद्वान विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात हे नातं मांडलं आणि पुढे त्यावर एक शास्त्रच उभं राहिलं. ज्ञा धातूचे नातेवाईक 'रेकग्नाइझ', 'डायग्नोसिस' आणि 'ॲग्नॉस्टिक'मध्ये बसलेले आहेत. मृ धातूचे 'मॉर्टल' आणि 'मॉर्टॅलिटी'मध्ये, दन्तचे 'डेंटल'मध्ये. आरोग्य विम्यात तुम्हाला 'काँजेनिटल' शब्द रोज दिसत असेल, जन्मजात व्यंगासाठी. त्याची फोड केली तर 'बरोबर जन्मलेलं'. आपला 'सहज' शब्द अगदी असाच बनला आहे, सह आणि ज; पुढे त्याचा अर्थ बदलला एवढंच. एकदा हे पाहिलं की 'काँजेनिटल' विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. मात्र सावध राहा. मूळ कळलं म्हणजे आजचा वापर कळला असं नाही. मूळ लक्षात ठेवायला मदत करतं. अर्थ नेहमी वाक्यातूनच घ्यायचा.

कोश कोणता? इंग्रजी-मराठी कोश प्राथमिक गरजेला ठीक, पण या पातळीवर तो फसवतो, कारण तो एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवून मोकळा होतो. शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा. ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून उभा राहिलेला ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश १९४८ पासून आहे. १९७८ च्या लाँगमन कोशानं सगळ्या व्याख्या सुमारे २ हजार सोप्या शब्दांतच लिहिण्याचा दंडक घातला. १९८७ चा कोबिल्ड कोश अर्थ पूर्ण वाक्यातून सांगतो. तिघांचीही संकेतस्थळं मोफत पाहता येतात. छापील हवा असेल तर हुतात्मा चौक ते चर्चगेट या पट्ट्यातल्या पदपथावरच्या विक्रेत्यांकडे जुनी आवृत्ती पुष्कळदा स्वस्तात मिळते आणि ती चालते. कोशात नुसता अर्थ वाचून मिटू नका; उदाहरणाची वाक्यं वाचा, खरा माल तिथे असतो. आणि कधी सवड असली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जरूर चाळा. १८३१ मध्ये पहिल्यांदा आणि १८५७ मध्ये वाढवून प्रसिद्ध झालेला हा कोश इंटरनेटवरही आहे. एकेका मराठी शब्दाच्या छटा पकडण्यासाठी त्यांनी केलेली खटपट पाहण्यासारखी आहे. इंग्रजी मात्र त्या काळचं आहे, ते मेलमध्ये उतरवू नका.

विसरण्याबद्दल. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की नव्यानं पाठ केलेलं आपण सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात वेगानं विसरतो आणि नंतर हा वेग मंदावतो. म्हणजे तुम्हाला जे होतं ते सगळ्यांना होतं. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला, उजळणीतलं अंतर वाढवत नेणं: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. दुसरा जास्त महत्त्वाचा. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे, झाकून आठवणं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर मात्र ज्यांनी उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिला होता ते पुढे होते. पुन्हा वाचताना 'येतंय' असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं.

हे गाडीत करता येतं. कल्याणची फास्ट लोकल पकडल्यावर वही उघडायला जागा मिळेलच असं नाही, हे मला माहीत आहे. चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईनं पानं काय उलटायची? पण आठवायला वही लागत नाही. ठाणे ते दादर एवढ्या वेळात कालच्या दोन पानांवरचं काय काय आठवतं ते मनातल्या मनात म्हणा, आणि ऑफिसला पोचल्यावर वही उघडून ताळा घ्या. चिठ्ठ्या आवडत असतील तर लेखक सेबास्टियान लाइट्नर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली खोक्यांची पद्धत आहे: आलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलेली परत पहिल्या. तेच काम फोनवर 'ॲन्की' हे ॲप करतं, अँड्रॉइडवर ते मोफत आहे आणि नेटवर्क गेलं तरी चालतं. फक्त दुसऱ्यानं तयार केलेला तयार संच उतरवून घेऊ नका. चिठ्ठीच्या एका बाजूला तुमच्या फाइलीतलं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा. दुसऱ्या बाजूला शब्द. बस.

उच्चाराकडे मात्र लगेच लक्ष द्या. डोळ्यांनी शिकलेले शब्द मुलाखतीत तोंडातून बाहेर येताना दगा देतात. 'सटल'मधला 'बी' आणि 'डेट' म्हणजे कर्ज यातला 'बी' उच्चारत नाहीत. 'एपिटमी'चा शेवट 'टोम' नाही. 'इन्डाइटमेंट'मध्ये 'सी' ऐकू येत नाही. मराठीत अक्षरांवर साधारण सारखाच भार पडतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर आणि बाकीचे गिळलेले. शिवाय कुटुंबात तो जोर जागा बदलतो: 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. देवनागरीत उच्चार लिहून ठेवला तर हा जोर हरवतो. म्हणून कोशाच्या संकेतस्थळावर ऐका, मोठ्यानं म्हणा, आणि वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा.

शिकलेला शब्द वापरायचा कुठे? आठवड्यातून एकदा स्वतःचीच एखादी जुनी मेल काढा आणि पुन्हा लिहा. पाठवायची नाही, फक्त लिहायची. 'वुई विल लुक इन्टू द मॅटर अँड डू द नीडफुल' असं असेल तर विचारा: नेमकं काय करणार आहोत? कागद तपासणार असू तर 'एक्झॅमिन', डॉक्टरांच्या दाखल्याची खातरजमा करणार असू तर 'व्हेरिफाय', ग्राहकाचं म्हणणं आणि बिल ताडून पाहणार असू तर 'रिकन्साइल'. तीन कामं, तीन शब्द, आणि एकही अवघड नाही. 'डू द नीडफुल' आणि 'काइंडली रिव्हर्ट बॅक' ही ऑफिसात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा आहे; तिच्यात शब्द जड असतात आणि सांगितलेलं काहीच नसतं. नवा जड शब्द शिकून तो अशा वाक्यात खोचला तर वाक्य आणखी आंधळं होतं.

वेळेचा हिशेब. आठवड्याला पाच पानं नीट झाली तर वर्षाला अडीचशे. कॉक्सहेड यांच्या ५७० कुटुंबांपैकी निम्मी तुम्हाला नीट येत असतील असं धरलं, तर उरलेली निम्मी साधारण वर्षभरात पुरी होतील. ती यादी पाठ करायला नाही, खुणा करायला वापरा: येतो, अर्धवट येतो, येत नाही. पाचाऐवजी पंधरा पानं करायचा मोह होईल. सुरुवातीला उत्साह असतो, जमतंही, आणि तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग साचून वही बंद पडते. पाचच करा.

मुलाखतीपर्यंत चार महिने, म्हणजे सुमारे सतरा आठवडे; शेवटचा महिना सोडला तर तेरा, म्हणजे पासष्टच्या आसपास शब्द. ते सगळे तुमच्या विभागातलेच निवडा. शेवटच्या महिन्यात नवीन पानं थांबवा. तुम्ही हाताळलेले चार-पाच क्लेम घ्या. काय घडलं, तुम्ही काय तपासलं, काय निर्णय झाला हे प्रत्येकाबद्दल दोन मिनिटं मोठ्यानं सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जिथे 'थिंग', 'व्हेरी', 'गुड', 'प्रॉब्लेम' आले असतील तिथे थांबा आणि वहीतला कोणता शब्द तिथे बसतो ते पाहा. बसत नसेल तर साधा शब्द राहू द्या, आणि पुढचा क्लेम सांगायला घ्या.